डोक्यावरचं रान

आमची दोन घरं खर्डीच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी शेजारी-शेजारी. डोंगराकडे तोंड करून उभं राहिलं की डावीकडचं घर आमचं आणि उजवीकडचं माझ्या थोरल्या जावेचं. घरांमागे लगेच चढ लागतो. त्या चढावरची जमीन म्हणजे आमची वरकस. तिथं भात होत नाही. नाचणी-वरई होते आणि झाडं होतात. मी लग्न होऊन आले त्याच्या आदल्याच वर्षी सासऱ्यांनी दोन्ही भावांची वाटणी केली होती. चढाचे दोन तुकडे केले, मधे खुणेला दगडांची एक रांग लावली आणि चिठ्ठ्या टाकल्या. निघालं उलटंच. आमच्या घरामागचा तुकडा दिरांना गेला आणि त्यांच्या घरामागचा आमच्याकडे आला. म्हणजे आमच्या डोक्यावर त्यांचं रान आणि त्यांच्या डोक्यावर आमचं.

दिरांनी तेव्हाच अदलाबदल करू म्हटलं होतं म्हणे. आमच्या यांनी नाही म्हटलं, कारण आमच्या तुकड्यावर ऐनाची झाडं जास्त होती आणि जाडजूड होती. मी तेव्हा तिथं नव्हते, पण असते तरी नाहीच म्हटलं असतं. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर वाटायचं की मी सगळं यांच्या माथी मारते आहे.

माझं माहेर मुरबाडकडचं. दहावी झालेली होते, त्यामुळे नव्वद सालानंतरच्या पहिल्या वर्षांत गावात अंगणवाडी निघाली तेव्हा काम मला मिळालं. बायका मला पाठीमागे 'मुरबाडची शहाणी' म्हणायच्या. मला ते ऐकू यायचं आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. अंगणवाडीच्या भिंतीवर एक तक्ता होता: मोठं हिरवं झाड, खाली तपकिरी मुळं आणि बाजूला लिहिलेलं की मुळं माती धरून ठेवतात. मी पट्टी लावून पोरांकडून ते घोकून घ्यायचे. मुळं काय करतात? माती धरतात! सगळी पोरं एका सुरात ओरडायची.

जाऊ माझ्याहून बारा-पंधरा वर्षांनी मोठी. मी आले आणि दोन वर्षांत दीर गेले. तिला एकच मुलगी, ती लग्न होऊन टोकावड्याकडे दिलेली. घरात ती आणि तिची म्हैस. शाळेचं तोंड तिनं पाहिलं नव्हतं. पण लुगड्याचा काष्टा घट्ट करून, कोयता कमरेला अडकवून ती ऐनावर अशी चढायची की खाली उभ्या पुरुषांनी विडी विझवून बघत राहावं.

चढायची ती राबासाठी. आमच्याकडे भाताचं रोप टाकायच्या आधी ती जागा भाजून घेतात. झाडांच्या पानासकट फांद्या तोडून वाळवायच्या, उन्हाळ्यात त्या जागेवर शेण, पाला आणि फांद्यांचे थर लावायचे, वरून माती टाकायची आणि पेटवून द्यायचं. तण मरतं, राख मिळते, रोप जोमदार येतं. यालाच राब म्हणतात. फांद्या दरवर्षी त्याच झाडांच्या तोडायच्या, पण शेंडा राखायचा आणि एक-दोन फांद्या झाडाला ठेवायच्या. पुढच्या पावसात झाड पुन्हा भरतं. अशी झाडं दिसायला विद्रूप असतात. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी नाक मुरडलं होतं.

"अशी बोडकी झाडं ठेवून काय उपयोग?" मी जावेला विचारलं होतं.

"वरनं बोडकी हायती," ती म्हणाली. "खाली कुनी कोयता चालवलाय? खाली सगळा हाय तसाच हाय."

मी हसले. बाई अडाणी, झाडाला खालून वरून बघते म्हणून हसले. तक्ता रोज माझ्या पाठीमागे असायचा तरी मला ते कळलं नाही.

आमचे हे त्या वर्षांत कसाऱ्याला घाटाच्या रस्त्यावर कामाला होते. पावसाळ्यात घाटात दरडी पडायच्या, त्या उपसायला माणसं लागायची. रविवारी घरी आले की दरडींच्या गोष्टी सांगायचे. एवढाले खडक, असे आले, तसे आले. मी विचारायचे, आपल्याकडे नाही ना पडायची? ते म्हणायचे, "घाटात खडक सुटतो. आपला डोंगर मातीचा. माती कुठं जाते?" हे म्हणणारा माणूस घाटात रोज फावड्यानं मातीच ओढत होता. पण मी विश्वास ठेवला, कारण मला ठेवायचा होता.

मग एका वर्षी आम्ही आमच्या तुकड्यावरची झाडं विकली. आजूबाजूला सगळेच विकत होते. लाकडाचा ठेकेदार यायचा, कागदपत्रं तोच करून आणायचा, माणसं त्याचीच. आम्हाला घराची कुडाची भिंत पाडून विटांची करायची होती. जाऊ काही बोलली नाही. तिलाही ठेकेदारानं विचारलं होतं, तिनं मान हलवली होती. "मला राबाला लागतात," एवढंच. दिवाळीनंतर कुऱ्हाडी लागल्या आणि होळीच्या आत उजवा तुकडा मोकळा झाला. ऐनाचे नुसते बुडखे उरले, जमिनीपासून हातभर.

ऐन चिवट. वैशाखात त्या बुडख्यांना लालसर पालवी फुटली, एकेकाला दहा-पंधरा धुमारे. ते मोठे होऊ दिले असते तर ही गोष्ट लिहायची वेळ आली नसती. पण आम्हाला त्या मोकळ्या चढावर नाचणी करायची होती आणि बुडखे मधे येत होते. नाचणीच्या रोपालाही राब लागतोच. तोडायला फांद्या तर आता नव्हत्या. मग मी डोकं लढवलं. ही कल्पना माझीच, यांची नव्हे. म्हटलं, ते धुमारेच तोडू, ठेकेदारानं टाकलेला काटक्याकुटक्यांचा पसारा आहेच, सगळं त्या बुडख्यांवरच रचू आणि तिथंच राब भाजू. रोपाची जागाही होईल आणि बुडखेही मरतील. हे म्हणाले, "वा! शिकलेली बायको असली की असं असतं." मी फुलून गेले.

राब रचला त्या दिवशी जाऊ चढून वर आली. धापा टाकत होती. म्हणाली, "नको गो जाळू बुडखे. जिती हायती ती अजून."

"वयनी, आमच्या वाट्याचं रान आहे."

"रान तुमचा, खाली घर माझा." ती रागानं नव्हती बोलत. "मी तुमच्या डोक्यावर झाडा ठेवलीत. तुमी माझ्या डोक्यावर काय ठेवता?"

उत्तर नसलं की माझं तोंड जास्त चालतं. मी म्हटलं, उपकार नका सांगू, तुमच्या झाडांचा पाला पडून आमच्या कौलांखालचे वासे कुजतात, गटार तुंबतं, दरवर्षी मी उपसते. तिनं मला 'मुरबाडची शहाणी' म्हटलं, पहिल्यांदाच तोंडावर. मग मी जे बोलले ते बोलायला नको होतं. मी म्हटलं, "यापुढे आमच्या उंबऱ्याला पाय लावायचा नाही."

ती मग वळली आणि उतरून गेली. मी काडी ओढली.

आमच्याकडे अशा बोलण्याचा एक रिवाज आहे. ज्यानं उंबरा बंद केला त्यानंच बोलावल्याशिवाय दुसऱ्यानं पाऊल टाकायचं नाही. मधल्या माणसांनी मिटवून चालत नाही. सणाला नाही, आजाराला नाही. पण शेताला हे लागू नाही. आवणीला, म्हणजे भाताची रोपं लावायला, बायका आळीपाळीनं एकमेकींच्या शेतात जातात. आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. कितीही भांडण असो, ती पाळी कुणी मोडत नाही. त्यामुळे झालं असं की दर पावसाळ्यात मी आणि जाऊ एकाच चिखलात, एकाच रांगेत वाकून उभ्या असायचो आणि एक शब्द बोलायचो नाही. मधे कुणीतरी तिसरी असायची. जेवायच्या वेळी माझी भाकरी तिच्यापर्यंत त्या तिसरीच्या हातून जायची.

पहिल्या वर्षी काही बुडखे पुन्हा फुटले. दुसऱ्या वर्षी त्यांच्यावर पुन्हा राब भाजला. मग फुटले नाहीत. नाचणी अशी आली की बघत राहावं. आणि डोंगर? डोंगर जागच्या जागी होता. पहिला पावसाळा गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. एक ढेकूळ खाली आलं नाही. तिसऱ्या वर्षी मी परड्यात उभी राहून, जावेला ऐकू जाईल अशा आवाजात शेजारणीला म्हटलं, "काही लोकांना वाटलं होतं डोंगर पडणार. पडला का गं?" जाऊ म्हशीला पाणी दाखवत होती. तिनं बादली रिकामी होईपर्यंत मान वर केली नाही.

मुळं मेल्यावर लगेच सोडत नाहीत, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तक्त्यावरही नव्हतं. तक्त्यावरचं झाड जिवंत होतं.

त्यानंतर दोन-तीन वर्षं गेली असतील. दोन हजार साल येऊन गेलं होतं. आषाढातला पाऊस चार दिवस एकसारखा लागला होता आणि मग एका सकाळी जरा उघडला. मी नाचणीची रोपं कुठं वाहून गेली का बघायला वर चढले. चढाच्या वरच्या अंगाला मला एक भेग दिसली. हाताचा पंजा उभा आत जाईल एवढी रुंद, आणि दोन गाड्या एकापुढे एक लावल्या तर होईल एवढी लांब. सरळ नव्हती, खालच्या बाजूला वाकलेली होती. भेगेच्या खालची माती वरच्या मातीपेक्षा बोटभर खाली बसली होती. आत पाणी खळखळत जात होतं आणि बाहेर कुठं निघताना दिसत नव्हतं.

मी बरोबर खाली बघितलं. जावेच्या घराची कौलं. परड्यात म्हैस.

मी काय केलं ते सांगते. मी दगड गोळा केले आणि त्या भेगेत भरले. वर चिखल थापला, चूल सारवतात तसा हातानं सारखा केला आणि त्यावर पाला पसरला. अर्धा दिवस गेला. मग खाली आले, हात धुतले आणि अंगणवाडीत गेले. पोरं झोपली होती.

जावेला सांगितलं नाही. हे घाटात होते, रविवारी येणार होते; त्यांना निरोपही पाठवला नाही. पुष्कळदा मी स्वतःशी कारणं शोधली आहेत. वाटलं असेल भरलं म्हणजे झालं. वाटलं असेल आता ऊन पडेल. तसलं काही नाही. सांगायला गेले असते तर तिचं म्हणणं खरं ठरलं असतं, एवढंच कारण होतं. त्या बाईच्या दारात उभं राहून 'वयनी, तुमी म्हणत होता तेच झालं' एवढं वाक्य माझ्या तोंडून निघणार नव्हतं. त्यापेक्षा मी चिखल थापला. लाज वाटते लिहायला, पण आहे हे असं आहे.

तीन दिवस गेले. पाऊस पुन्हा धरला. चौथ्या दिवशी आमच्या शेतात आवणी होती, पाळी आमची. शेत रस्त्याच्या पलीकडे, घरापासून दहा मिनिटांवर. सात जणी होतो. प्लास्टिकचे कागद डोक्यावरून पाठीवर घेतलेले, मागे मागे सरकत लावत होतो. जाऊ रांगेत माझ्यापासून तिसरी. डोंगरातून येणाऱ्या ओढ्याचं पाणी सकाळपासून लाल येत होतं आणि अचानक कमी झालं. पाऊस तसाच चालू आणि ओढा आटला. एक जण म्हणाली, "हे गो काय?" आणि तेवढ्यात आवाज आला. रस्त्याच्या कामावर डंपर खडी ओततो तसा, पण तो थांबेचना.

सगळ्या ताठ उभ्या राहिल्या. शेतातून डोंगर दिसतो. उजवा तुकडा हलत होता. नाचणीसकट, आहे तसा, आधी हळू आणि मग एकदम.

जावेच्या हातात रोपांची जुडी होती. "माजी म्हस," ती म्हणाली आणि चिखलातून पळत सुटली. मी तिच्या मागे. रस्ता ओलांडला, ओढा ओलांडला. घर नव्हतं. आढ्याची एक बाजू आणि चार-दोन कौलं मातीतून वर आलेली, बाकी सगळं लाल. म्हैस दिसलीसुद्धा नाही. दाव्याचा खुंटाही नाही.

आमच्या घराचं एक कौल सरकलं नव्हतं. अंगणात वाळत टाकलेली गोधडी दोरीवर तशीच भिजत होती.

दरड दगडांच्या रांगेपर्यंत आली होती आणि तिथं कापल्यासारखी थांबली होती. रांगेच्या अलीकडे, म्हणजे आमच्या घरामागे, जावेची ती विद्रूप, बोडकी झाडं ओळीनं उभी होती. दरडीनं कडेची माती खेचून नेली होती, त्यामुळे त्यांची मुळं उघडी पडली होती. बैलाच्या दाव्याएवढी जाड, तांबूस, एकमेकांत अडकलेली, खालच्या मुरमात आणि खडकाच्या फटींत शिरलेली. ओढून बघितली तरी हलेनात. आणि आमच्या बाजूला, जिथून डोंगर सुटला तिथं, आमच्या ऐनांची मुळं होती. मी एक हातात घेतलं. चहात बुडवलेल्या खारीसारखं ते बोटांत विरघळलं. काही ठिकाणी तर मूळ उरलंच नव्हतं, नुसती पोकळ नळी होती आणि त्यातून पाणी ठिबकत होतं. इतकी वर्षं डोंगरानं त्या मेलेल्या मुळांवर दम धरला होता. ती कुजली तशी पाण्याला आत जायची वाट झाली.

जाऊ रडली नाही. माणसं जमली, कुणी फावडी आणली, कुणी म्हणालं अजून खाली येईल, लांब व्हा. मग तिचं हाताकडे लक्ष गेलं. जुडी अजून हातातच होती.

"आवण सुकंल," ती म्हणाली.

उपटलेलं रोप दुसऱ्या दिवसावर ठेवता येत नाही हे खरं. पण देवा! मी म्हटलं नव्हतं, कुणीच म्हटलं नव्हतं. ती आपली ओढा ओलांडून परत माझ्या शेतात गेली आणि वाकली. एकेक करत बाकीच्या बायकाही गेल्या. मीही गेले. दुपारी तीनपर्यंत माझं शेत लावून झालं. त्यातली तिसरी रांग तिची होती. त्या वर्षीचा भात खाताना घास फिरायचा तोंडात.

दोन दिवसांनी तलाठी आले, छत्री धरून पंचनामा करायला. चिखलात उभं राहून विचारत होते, लिहीत होते. मग त्यांनी वर बघितलं. एका बाजूला झाडं, एका बाजूला लाल माती. आंधळ्यालाही दिसलं असतं. त्यांनी जावेला विचारलं, "इकडची झाडं कुणी तोडली? कधी?"

मी तिथंच होते.

"त्याला लय वर्सा झाली," जाऊ म्हणाली. "पाऊसच लय व्हता, सायेब."

त्यांनी अतिवृष्टी असं लिहिलं. मी साक्षीदार म्हणून खाली सही केली. सही चांगली आहे माझी.

रविवारी हे आले. दरडीपर्यंत जाऊन आले. मग तिला म्हणाले, "वयनी, आमच्याकडे राहा." तिनं माझ्याकडे बघितलं. मी दाराच्या आत उभी होते, बोलले नाही. ती पडवीत राहिली. उंबऱ्याच्या बाहेर, पडवीच्या कोपऱ्यात तीन दगड मांडून तिनं स्वतःची चूल केली. मुलगी न्यायला आली तर गेली नाही. म्हणाली, मुलीच्या घरी किती दिवस राहणार, आणि माझ्या झाडांकडे कोण बघणार.

वर्षं गेली. एक नाही, पाच-सहा. बोलणं सुरू झालं, कामापुरतं. मी भाजी वाढून पडवीत द्यायचे, ती ताकाचा लोटा उंबऱ्यावर ठेवायची. गावातल्या पोरांना ती गोष्टी सांगायची. पण उंबरा तिनं ओलांडला नाही. गौरी-गणपतीला आरती चालू असताना ती पडवीतून हात जोडायची. बघणाऱ्याला वाटायचं, विधवा बाई, आवडत नसेल पुढे पुढे करायला. मला माहीत होतं काय आहे ते. रोज वाटायचं आज म्हणू. रोज राहायचं. मला लाज होती आणि लाज वागण्यात अशी दिसते की बाहेरच्याला माज वाटावा.

उजव्या तुकड्यावर आम्ही पुन्हा झाडं लावली. मी सरकारी रोपं आणून सरळ ऐनच लावत होते. जाऊ खालून ओरडली, "आधी करवंदी लाव, निरगुडी लाव. गवत येऊ दे. माती बसू दे, मंग ऐन." ऐकलं या वेळी. करवंदी लागल्या. ऐन हळू वाढतं. गुडघ्याएवढं व्हायलाच त्यानं तीन पावसाळे घेतले.

तिचे गुडघे गेले तसं तिच्या झाडांवर चढायचं काम माझ्याकडे आलं. मी, मुरबाडची शहाणी, चाळिशी उलटल्यावर साडी खोचून ऐनावर चढायला शिकले. ती खाली बसून सांगायची: ती नको, तिच्या बाजूची, शेंडा राख, आता उतर, त्या झाडाला एवढं पुरे.

अशाच एका माघातल्या सकाळी मी फांद्या तोडत होते. समोर दगडांची रांग आणि पलीकडे आमचा तो तुकडा, करवंदींनी हिरवा धरलेला. ती बराच वेळ तिकडेच बघत होती. मग वर न बघता म्हणाली, "ती भेग तू लिंपली व्हतीस ना गो, ती मी पायली व्हती."

मी कोयता कमरेला अडकवला.

"दुसऱ्याच दिवशी गेली व्हती मी वर. पाला सरकवला तर चिखुल. बोटा उठली व्हती. तुजीच बोटा, दुसऱ्या कोनाची असनार?"

मी फांदीला धरून बसले. खाली बघायची हिंमत होईना. कसंबसं विचारलं, "मग तुमी घर का सोडलं नाही, वयनी?"

"सोडून कुठं जानार? बाजूला तुमचाच घर." ती जमिनीवरची एक काटकी उचलून मोडत होती. "मी म्हटला, तिनं बघितलाय म्हंजे ती येल. दारात येल, म्हनल, वयनी, चला आमच्याकडं. मंग म्हस घेऊन आली असती. तीन दिवस वाट बघितली. म्हशीचा दावा सैलच बांधला व्हता." काटकी तिनं टाकून दिली. "न बोलावता कशी येऊ?"

मी उतरले. मांड्या सोलवटल्या, कोपर खरचटलं. तिच्यासमोर उभी राहिले. माफ करा म्हणायचं तर कशाकशासाठी म्हणायचं? तिनं हात पुढे केला, उठायला आधार म्हणून. मी तिला उठवलं. फांद्या तशाच टाकून आम्ही खाली आलो. ती तिच्या सवयीनं पडवीत वळली, तिच्या तीन दगडांकडे.

मी उंबरा ओलांडून आत गेले. आत जाऊन वळले आणि दारात उभी राहिले.

"वयनी," मी म्हटलं, "घरात या."

ती थांबली. तिनं स्वतःच्या पायांकडे बघितलं. वरची लाल माती घोट्यापर्यंत लागली होती.

"येते," ती म्हणाली. "पाय धुते आधी."